ठरावाचा कागद आणि तळ्याचे पाणी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले, तलवारी, तह आणि तख्त येतात. मुसलमान समाजात हे जरा जास्तच. आमच्या जलशांतून आणि तकरिरींतून बगदाद, कुर्तुबा आणि दिल्ली यांची आठवण निघते, माणसे हळहळतात आणि घरी जातात. पण ज्या गावात आपण जन्मलो, ज्या गावच्या नळाचे पाणी प्यालो आणि ज्या कब्रस्तानात आपले आजे-पणजे निजले आहेत, त्या गावच्या नगरपालिकेत गेली शंभर-सव्वाशे वर्षे काय चालले आहे, याची चौकशी करावी असे आपल्याला वाटत नाही. त्याला आपण इतिहास मानतच नाही. तो गटारीचा आणि घरपट्टीचा कारभार, त्यात इतिहास कसला, असे आपण म्हणतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका तालुक्याच्या गावी नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेला प्रेक्षक म्हणून जाऊन बसलो होतो. गावाचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण असे गाव महाराष्ट्रात कुठेही सापडेल. विषयपत्रिकेवर वीस-बावीस विषय होते. एका चौकाला नाव देण्याचा विषय निघाला आणि सभागृह तापले. आमच्या मोहल्ल्याचे दोन्ही नगरसेवक उठून तावातावाने बोलले. समोरच्यांनीही आवाज चढवला. पाऊण तास त्यातच गेला. त्याच मोहल्ल्यात नळाला दोन दिवसांआड पाणी येत होते आणि जुनी जलवाहिनी बदलण्याचा विषय पत्रिकेवर खाली होता. तो पुकारला गेला तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. आमचे दोन्ही नगरसेवक बाहेर होते. चौकाच्या भाषणाबद्दल मोहल्ल्यातली पोरे त्यांना हार घालत होती. आत कोणीतरी 'पुढच्या सभेत घ्या' म्हणाले, आणि पाण्याचा विषय तहकूब झाला.

त्या दिवशी आम्हाला महाडची आठवण झाली. पाण्यावरून नगरपालिकेने केलेला एक ठराव, तो न पाळणे, तो मागे घेणे आणि त्यापायी चाललेली दहा वर्षांची लढाई, हे सारे महाडला घडले होते. त्या लढाईत मुसलमानांचाही एक हिस्सा आहे. तो आपण फारसा सांगत नाही. तो सांगण्यासाठीच हा लेख आहे. मात्र त्याआधी ही नगरपालिका नावाची गोष्ट आपल्याकडे आली कशी, ते थोडक्यात पाहावे लागेल.

इंग्रज सरकारने १८५० साली एक कायदा केला. गावातल्या रहिवाशांनी अर्ज केला तर तिथे सुधारणेसाठी कमिटी नेमावी आणि तिने कर बसवून रस्ते, दिवे, सफाई पाहावी, असा त्याचा आशय होता. मुंबई इलाख्यात या कायद्याखाली अनेक गावांत नगरपालिका स्थापन झाल्या. पुढे १८७३ साली जिल्ह्यांतील नगरपालिकांसाठी इलाख्याचा वेगळा कायदा आला. पण या कमिट्यांवर बसत कोण? कलेक्टर, मामलतदार आणि सरकारने नेमलेले गावचे प्रतिष्ठित. सामान्य रहिवाशाला कर भरण्याचे काम होते, बोलण्याचे नव्हते.

१८ मे १८८२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या सरकारने स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव काढला. लोकांनी आपल्या गावचा कारभार चालवावा, त्यात चुकावे, त्यातूनच शिकावे, हा त्याचा हेतू. मुंबई इलाख्यात १८८४ साली त्याप्रमाणे कायदे झाले आणि निवडून दिलेल्या सदस्यांचे प्रमाण वाढले. अर्थात मताचा हक्क कर भरणाऱ्या, मालमत्ता असणाऱ्या थोड्या लोकांनाच होता. मोलमजुरी करणारा, भाड्याच्या खोलीत राहणारा आणि घरातल्या साऱ्या बायका या मोजणीच्या बाहेरच राहिल्या.

या नव्या व्यवस्थेकडे मुसलमान नेत्यांनी कसे पाहिले? एकच एक उत्तर नाही, आणि हेच लक्षात ठेवण्यासारखे आहे. मुंबईत बदरुद्दीन तय्यबजी १८७३ साली महानगरपालिकेवर निवडून गेले. फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या बरोबरीने ते मुंबईच्या सार्वजनिक जीवनात उभे राहिले. पुढे ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि हायकोर्टाचे न्यायमूर्तीही झाले. रहिमतुल्ला सयानी यांनीही मुंबईच्या नगरकारभारात नाव कमावले आणि १८९६ साली ते काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. शहराचे पाणी, शहराचे आरोग्य, शहराचा हिशेब हे सर्वांचे प्रश्न आहेत आणि त्यांत आपण सर्वांबरोबर बसायचे, ही या माणसांची रीत होती.

दुसरीकडे सर सय्यद अहमद खान यांना वेगळी धास्ती वाटत होती. जानेवारी १८८३ मध्ये व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात मध्य प्रांताच्या स्थानिक स्वराज्याच्या विधेयकावर चर्चा चालली होती. त्या वेळी नागपूर आणि भोवतालचे मराठी जिल्हे याच प्रांतात होते, म्हणजे हा वाद आपल्याही दाराशी आलेला होता. सर सय्यद यांनी विधेयकाला पाठिंबा दिला, पण सरसकट निवडणुकीला नाही. जिथे जात आणि धर्म यांचे भेद इतके घट्ट आहेत तिथे निव्वळ बहुमताने निवडणूक केली तर मोठा समाज लहान समाजाला झाकून टाकील, म्हणून एक तृतीयांश जागा नेमणुकीने भराव्यात, असे त्यांचे म्हणणे होते.

आज या दोन वाटांपैकी एकीला बरोबर आणि दुसरीला चूक ठरवणे सोपे आहे. आम्ही तसे करणार नाही. अल्पसंख्याकाची भीती खोटी नसते, हे आपण सारे जाणतो. पण या भीतीतून एक सवय लागली. आपली माणसे किती बसली, हाच प्रश्न मोठा झाला आणि बसून काय केले, हा मागे पडला. जागांचा हिशेब पुढे सगळ्या देशाच्या राजकारणाला कोणत्या वळणावर घेऊन गेला, ते येथे सांगायला नको.

एका माणसानेही काय होते, याचा नमुना त्याच काळात पुण्याला दिसला. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. तेही सरकारने नेमलेलेच. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास यायचे होते. त्यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने एक हजार रुपये खर्चावेत अशी सूचना आली. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे सांगून जोतीरावांनी विरोध केला. सभागृहात त्यांच्या बाजूला दुसरे कोणीही नव्हते. विरोधात एकच मत पडले आणि खर्च मंजूर झाला. गावात दारूची दुकाने वाढू लागली तेव्हाही त्यांनीच त्याविरुद्ध लिहिले. सरकारने नेमलेला माणूस सरकारच्या बाजूनेच बोलतो असे नाही, आणि एकट्याचे मत वाया जाते असेही नाही. मंजूर झालेला खर्च आज कोणाच्या लक्षात नाही. विरोधातले ते एक मत मात्र अजून सांगितले जाते.

आता महाडकडे येऊ.

महाड हे सावित्रीच्या काठचे जुने बंदर आणि बाजारपेठ. त्या वेळी ते कुलाबा जिल्ह्यात होते. आज त्याच जिल्ह्याला आपण रायगड म्हणतो. कोकणातल्या इतर पेठांप्रमाणे येथेही हिंदूंबरोबर मुसलमानांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची. गावाच्या मधोमध चवदार तळे. तळे नगरपालिकेच्या ताब्यात. भोवती रस्ते आणि रस्त्यांपलीकडे घरे. या तळ्यावर सवर्ण हिंदू पाणी भरीत, मुसलमान भरीत आणि इतर धर्मांच्या माणसांनाही कोणी अडवीत नसे. गुरेढोरेही पाण्याला तोंड लावत. अडवले जाई ते फक्त अस्पृश्य मानलेल्या माणसाला. बाजारहाटासाठी किंवा कचेरीच्या कामासाठी खेड्यातून आलेला महार तहानेने व्याकूळ झाला तरी तळ्याच्या पायरीवर उतरू शकत नव्हता. त्याने दूरच्या आपल्या वस्तीवरील पाणी शोधायचे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने आणि कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, अशी त्यात शिफारस होती. सरकारने ती आपल्या खात्यांना कळवली. त्याला अनुसरून जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने ठराव केला की तळे सर्वांना खुले करण्यास नगरपालिकेची हरकत नाही.

ठराव झाला, पण पाणी मिळाले का? नाही. तीन वर्षे तो ठराव इतिवृत्ताच्या वहीत पडून राहिला. कोणी दवंडी पिटली नाही, कोणी माणूस उभा केला नाही. ज्याच्यासाठी ठराव झाला तो तळ्यावर गेला असता तर त्याच्या डोक्यात काठी बसली असती आणि नगरपालिका तेव्हा कुठे असेल, याचा कोणालाच भरवसा नव्हता. अशा नगरपालिका पुष्कळ होत्या. म्हणूनच ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांना कायदेमंडळात पुन्हा उभे राहावे लागले. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिला ठराव अमलात आणणार नाहीत, त्यांचे अनुदान बंद करा, असे त्यांनी आता मांडले.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. परिषदेच्या मागे रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तरुणांची मेहनत होती. महाडच्या नगरकारभारातले सुरेंद्रनाथ टिपणीस, तसेच अनंतराव चित्रे आणि गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे उच्चवर्णीय सहकारीही बरोबर होते. २० तारखेला परिषद संपत आली असता चित्रे यांनी सुचविले की नगरपालिकेने तळे खुले केलेच आहे, तर आता सर्वांनी तिथे जाऊन पाणी प्यावे. हजारो माणसांची मिरवणूक शांतपणे तळ्यावर गेली. बाबासाहेब पायऱ्या उतरले, त्यांनी ओंजळीने पाणी घेतले आणि त्यांच्यामागून बाकीचे प्याले. नगरपालिकेचा ठराव तीन वर्षांनी प्रथमच खरा झाला. तो कोणा अधिकाऱ्याने खरा केला नाही, तहानलेल्या माणसांनीच केला.

त्यानंतर जे घडले ते दुःखाचे आहे. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली. परतीच्या वाटेवर असलेल्या, मांडवात जेवत बसलेल्या, गावात एकटेदुकटे फिरणाऱ्या माणसांवर लाठ्या चालल्या. पुष्कळ जखमी झाले. जीव वाचविण्यासाठी धावणाऱ्यांपैकी काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. दार उघडले, माणूस आत घेतला, दार लावले. त्या घरांतल्या बायाबापड्यांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत आलेली नाहीत. ज्या गावात आपल्याला शेजाऱ्यांशी रोजचा व्यवहार करायचा आहे, त्याच शेजाऱ्यांनी मारलेल्या माणसाला घरात घेणे सोपे नव्हते.

गावातल्या सनातन्यांनी पंचगव्याच्या १०८ घागरी तळ्यात ओतून पाणी 'शुद्ध' करून घेतले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. तारीख पाहा. बोले यांचा ठराव ज्या दिवशी मंजूर झाला होता, त्याला बरोबर चार वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी महाडचे सभागृह मागे फिरले. सर्वांना खुले म्हणणारे हेच सभागृह, आणि बंद म्हणणारेही हेच. सभागृहातल्या हातांना गावातल्या दबावाची भीती वाटली की असे होते.

बाबासाहेबांनी डिसेंबरमध्ये सत्याग्रह जाहीर केला. १२ डिसेंबर १९२७ रोजी काही सवर्ण हिंदूंनी महाडच्या कोर्टात दावा लावला की तळे खासगी आहे आणि अनादी रूढीप्रमाणे अस्पृश्यांना तिथे हक्क नाही. दोनच दिवसांत कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. इकडे परिषदेसाठी गावात जागा मिळेना. दुकानदार सामान देईनात. सारा शिधा बाहेरून आणावा लागला. अशा वेळी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन मांडवासाठी दिली. त्याच जमिनीवर २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. आज देशभर त्या दिवसाची आठवण काढली जाते. पण ती माती कोणाची होती, हे सांगणारे थोडे. सांगायला हवे होते ते आपणच. आपण ते आपल्या मुलांना सांगितले आहे का?

मनाई हुकूम मोडायचा नाही असे ठरले. तळ्याभोवती शांतपणे मिरवणूक निघाली आणि परतली. मग कोर्टाची लढाई सुरू झाली. १९३१ साली महाडच्या कोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. १९३३ साली ठाण्याच्या कोर्टात अपील फेटाळले गेले. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने तोच निकाल कायम केला. तळे नगरपालिकेचे आहे, आणि अस्पृश्यांना वगळण्याची कायद्याचे बळ असलेली अनादी रूढी सिद्ध झालेली नाही, असे न्यायालयाने म्हटले. पहिल्या ठरावापासून तेरा वर्षे, आणि ओंजळीतल्या त्या पाण्यापासून दहा वर्षे, हे ऐकण्यास लागली.

या खटल्यात आपल्याला शिकण्यासारखे आहे. मुसलमान त्या तळ्यावर पाणी भरतात, ही गोष्ट लपलेली नव्हती. मग रूढीचा अर्थ काय उरला? दुसऱ्या धर्माच्या माणसाने पाणी भरले तर तळे बाटत नाही आणि आपल्याच धर्मातल्या माणसाने भरले तर बाटते, हे कुठले शास्त्र? बाबासाहेबांनी हाच प्रश्न विचारला. म्हणजे आपण तिथे रोज पाणी भरत होतो, ही साधी गोष्टसुद्धा दुसऱ्याच्या हक्काच्या उपयोगाला आली.

पण त्याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे बोलली पाहिजे. आपल्याला पाणी मिळत होते, म्हणून आपल्याला तो प्रश्न आपला वाटत नव्हता. ज्याचा घडा भरतो त्याला रिकामा घडा दिसत नाही. मदिनेतल्या रूमा विहिरीची हकीकत आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. विहिरीचा मालक पाणी विकत असे आणि गरिबांचे हाल होत. हजरत उस्मान (रजि.) यांनी ती विकत घेतली आणि सर्वांसाठी वक्फ केली. ही गोष्ट आपण मुलांना भक्तीने सांगतो. मग ज्या गावात एका समाजाला तळ्याच्या पायरीवर उतरता येत नाही त्या गावात आपण शेकडो वर्षे निवांत पाणी भरले, हे आपल्याला टोचायला नको का? फत्तेखान यांना ते टोचले असले पाहिजे. ज्यांनी दारे उघडली त्यांनाही. पण समाज म्हणून, जमात म्हणून?

आणि दुसऱ्यांकडे बोट दाखवण्यापूर्वी आपल्या मोहल्ल्यातही पाहावे. मशिदीत एका सफेत उभे राहणारे आपण, लग्नाच्या गोष्टी निघाल्या की बिरादरी विचारतो. पिंजारी, तांबोळी, बागवान, मोमीन, कसाई, फकीर ही नावे कामाची होती, ती दर्जाची कधी झाली? मंडल आयोगानंतर, १९९० च्या दशकात महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींच्या चळवळीने हा प्रश्न उघडपणे मांडला. इतर मागासवर्गीयांना स्थानिक संस्थांत आरक्षण मिळाले आणि त्यातून ज्या घरांतून कधी कोणी सभागृहाची पायरी चढले नव्हते, त्या घरांतली माणसे नगरसेवक झाली. तोपर्यंत 'मुसलमानांची जागा' म्हणजे बहुधा दोन-चार खानदानांची जागा असे. हे आपण कबूल केले नाही तरी मोहल्ल्यातल्या गरिबाला ते ठाऊक होते.

स्वातंत्र्यानंतर मताचा हक्क प्रत्येक प्रौढाला मिळाला. महाराष्ट्रातल्या नगरपरिषदांचा आजचा कायदा १९६५ चा. त्यात मोठी भर पडली ती ७४ व्या घटनादुरुस्तीने. १ जून १९९३ पासून ती लागू झाली. तिने घटनेला बारावे परिशिष्ट जोडले आणि नगरपालिकांकडे सोपवता येतील असे १८ विषय त्यात लिहिले. ती यादी आपल्यापैकी प्रत्येकाने एकदा वाचावी. पाणीपुरवठा त्यात आहे. सार्वजनिक आरोग्य आणि सफाई त्यात आहे. झोपडपट्टी सुधारणा त्यात आहे. दफनविधी आणि दफनभूमी त्यात आहे. कत्तलखान्यांचे नियमन त्यात आहे. बांधकामावरील नियंत्रण त्यात आहे. म्हणजे मुसलमान माणसाच्या जन्मापासून कब्रीपर्यंतची बहुतेक दारे याच सभागृहातून उघडतात. आणि आपण त्या सभागृहाकडे पाहतो निवडणुकीच्या आदल्या रात्री!

याच दुरुस्तीने स्त्रियांना एक तृतीयांश जागा दिल्या आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. आमच्या भगिनी मोठ्या संख्येने सभागृहात गेल्या. सुरुवातीला काय झाले, ते आपण पाहिले आहे. पत्रकावर नाव बाईंचे आणि फोटो मियांचा. सभेत सही बाईंची आणि बाहेर बोलणार मियां. त्यावर हसून झाले. पण पाण्यासाठी पहाटे चारला उठते कोण? गटारीच्या वासाने तापलेल्या लेकराला दवाखान्यात नेते कोण? जी उठते आणि जी नेते, तिच्या तोंडून तो विषय सभागृहात आला तर तो तहकूब करणे जड जाते. ज्या गावांत आमच्या नगरसेविकांनी मागे बसलेल्या मियांकडे न पाहता विषयपत्रिका स्वतः वाचायला घेतली, त्या गावांत फरक पडलेला आम्ही पाहिला आहे.

आता थोडे कडू बोलायला हवे. आपण सभागृहात कोणते विषय नेतो? कमानी, चौकांची नावे, फलकावरची भाषा, मिरवणुकीचा मार्ग. यांतले काही विषय मानाचे आहेत आणि मान ही लहान गोष्ट नव्हे. समोरूनही तेच विषय मुद्दाम काढले जातात, हेही खरे. कब्रस्तानाच्या भिंतीचा साधा अर्ज दंगलीच्या भाषेत नेऊन ठेवणारे लोक प्रत्येक गावात आहेत. पण त्यांनी टाकलेल्या जाळ्यात आपण दर वेळी पाय घालायलाच हवा असे नाही. चौकाच्या नावावर पाऊण तास भांडून घरी आलेल्या माणसाच्या घरी नळ कोरडाच असतो. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला. मुसलमान वस्त्यांतील शाळा, दवाखाने, पाणी, रस्ते यांची उणीव आकड्यांनी मांडली गेली. त्यावर परिसंवाद पुष्कळ झाले. पण त्या अहवालातली एक गोष्ट घेऊन आपल्या नगरपरिषदेत लेखी विषय देणारे नगरसेवक किती निघाले?

विषय लेखी द्यावा लागतो. त्याला सूचक लागतो, अनुमोदक लागतो, खर्चाची तरतूद लागते. इतिवृत्तात काय लिहिले ते पुढच्या सभेत तपासावे लागते. ठराव मंजूर झाला तर त्याची नक्कल काढून मुख्याधिकाऱ्याकडे हेलपाटे घालावे लागतात. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला हार मिळत नाही. महाडचा ठराव तीन वर्षे वहीत पडून राहिला, याचे कारण हेच की तो वहीतून बाहेर काढणारी माणसे त्या सभागृहात पुरेशी नव्हती.

आजच्या महाडकडे पाहिले तरी हे कळते. २४ ऑगस्ट २०२० रोजी तेथील तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ माणसे गेली. पुढच्याच वर्षी जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने सारे शहर बुडाले. पुराने घर कोणाचे हे विचारले नाही. दोष कोणाचा, याची चर्चा येथे करायची नाही. इतकेच म्हणायचे आहे की इमारतीचा नकाशा, नदीकाठचे बांधकाम, नाल्याची वाट हे सारे आधी कुठल्या तरी टेबलावर कागद म्हणून येते. तो कागद वाचणारी नजर तिथे असावी लागते.

मधल्या काळात तर सभागृहेच बंद पडली होती. २०२१-२२ च्या सुमारास महाराष्ट्रातल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत संपली आणि ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुका लांबत गेल्या. कारभार प्रशासकांच्या हाती गेला. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि २ डिसेंबर २०२५ रोजी बहुतेक नगरपरिषदांसाठी मतदान झाले. ज्या हक्कासाठी माणसांनी दीडशे वर्षे वाट पाहिली, तो काही वर्षे गोठून राहिला आणि आपल्या मोहल्ल्यांतून त्याबद्दल फारसा आवाज उठला नाही. नगरसेवक नसल्याने अडले कोणाचे? दाखल्यासाठी, नळजोडणीसाठी, कब्रस्तानातल्या दिव्यासाठी कोणाकडे जावे हे न कळणाऱ्या गरिबाचे अडले.

आता सभागृहे पुन्हा भरली आहेत. त्यांत आमचीही माणसे आहेत, कुठे दोन, कुठे दहा, कुठे एकच. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. आपल्या मोहल्ल्याचे पाणी मागा, हक्काने मागा. पण विषयपत्रिका हाती आली की त्यात हेही पाहा की ज्या वस्तीतून आपल्याला एकही मत मिळालेले नाही, तिचे पाणी कुठे अडले आहे. तो विषय आपल्या सहीने द्या. आपण दिलेला विषय त्या वस्तीचा असला की आपल्या कब्रस्तानाच्या भिंतीच्या वेळी कोण आपले अनुमोदक होतात, तेही मग पाहा.

आणि जे सभागृहात नाहीत, त्या आपण सर्वांनी एक काम करावे. आपल्या गावच्या पालिकेत जाऊन जुनी इतिवृत्ते पाहायला मागावीत. आपल्या आजोबांच्या पिढीतले सदस्य कशावर बोलले, कशावर गप्प बसले, कोणत्या ठरावाला त्यांनी हात वर केला, ते वाचावे. अभिमान वाटेल असे काही सापडेल, मान खाली जाईल असेही काही सापडेल. दोन्ही आपलेच आहे. महाडला एका मुसलमानाने आपली जमीन दिली, तेव्हा त्याला कोणत्याही सभागृहाच्या ठरावाची वाट पाहावी लागली नव्हती. आपल्याकडे तर आज मत आहे, जागा आहे, कायदा आहे. पुढच्या सभेत पाण्याचा विषय पुकारला जाईल तेव्हा आपली माणसे खुर्चीवर असली पाहिजेत.